चालता येणाऱ्यांचाच इतिहास : सोलापूर, दुष्काळ आणि राहण्याची जागा निवडण्याचा हक्क

१/ "पोटासाठी माणसे सोलापुरात आली." सोलापूरच्या इतिहासाविषयी लिहिताना या आशयाचे वाक्य हमखास येते. तेलंगणातून विणकर आले, दुष्काळी खेड्यांतून गिरणी कामगार आले, शहर उभे राहिले. वाक्य खरे आहे. पण त्यात न उच्चारलेली एक अट आहे. येण्यासाठी चालता यावे लागते. ज्यांना चालता येत नव्हते, दिसत नव्हते, त्यांनी कोठे राहायचे हे कोणी ठरवले? हा थ्रेड त्याविषयी.

२/ आधी भूगोल. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. येथील मुख्य अन्न रब्बीची ज्वारी, आणि ती परतीच्या पावसावर अवलंबून. पाऊस चुकला की पेवातले धान्य संपेपर्यंत गाव तगायचे, नंतर उठायचे. त्यामुळे "कोठे राहायचे" हा प्रश्न या जिल्ह्यात शतकानुशतके "धान्य कोठे आहे" या प्रश्नाच्या मागोमाग आला आहे.

३/ याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. पंधराव्या शतकातील दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची कोठारे भुकेल्यांना खुली केली. कथेचे लक्ष दात्यावर आहे. कोठारापर्यंत कोण पोचले आणि कोण वाटेतच राहिले, हे ती विचारत नाही. भक्तिकथेला तो अधिकार आहे. इतिहासलेखनाला नाही.

४/ १८७६ साली पाऊस गेला. मुंबई इलाख्यात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होते. रेल्वे मात्र १८६० सालीच सोलापुरात पोचली होती, म्हणजे बाहेरचे धान्य आणण्याचा मार्ग होता. खरा पेच वेगळा होता. धान्य विकत घेण्यास लोकांकडे पैसा नव्हता, आणि सरकारी मदत एका अटीवर मिळत होती. ती अट म्हणजे श्रम.

५/ व्हाइसरॉय लिटन यांनी १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागाच्या पाहणीसाठी पाठवले. त्यांनी कामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा, इतकी खाली आणली. शिवाय घराजवळची लहान कामे आटोपती घेऊन माणसांना दूरच्या मोठ्या कामांवर पाठवण्याचे धोरण होते. अंतर हीच गरजेची परीक्षा. जो इतके चालून येईल तोच खरा भुकेला, असा तो तर्क.

६/ या तर्काचा अर्थ नीट पाहावा. ज्याला चालता येते त्याची भूक अंतराने सिद्ध होते. ज्याला चालता येत नाही त्याची भूक त्याच अंतराने अदृश्य होते. पांगळा माणूस कामावर आला नाही, याचा अर्थ त्याला गरज नव्हती असा लावता येतो. टेंपल मजुरीविरुद्ध हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. तो प्रतिकार योग्यच होता. परंतु नकार देण्यासाठीही आधी कामावर नाव असावे लागते.

७/ दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा आला. तिने माणसांचे सरळ दोन वर्ग केले : श्रम करू शकणारे आणि न करू शकणारे. पहिल्यांना काम, दुसऱ्यांना गावातच मोफत मदत. न्यायाने बोलायचे तर हे मोठे पाऊल होते. आंधळे, पांगळे, जराजर्जर यांना श्रमाविना अन्न मिळाले पाहिजे, हे सरकारने लेखी मान्य केले.

८/ पण ती मदत यादीवर मिळे, यादी गावाची असे आणि ती पाटील-कुलकर्ण्यांच्या हातून तयार होई. गाव सोडले की नाव गेले. घरातील धडधाकट माणसे तलावाच्या किंवा रस्त्याच्या कामावर, यादीतला माणूस गावात. कामकऱ्यासोबत आलेल्या अवलंबितांनाही मदतीची तरतूद होती. मात्र त्यासाठी आधी तेथवर पोचणे आले. कुटुंबाने एकत्र राहावे की नाही, याचा निर्णय धान्य वाटपाच्या जागेने केला.

९/ तिसरी जागा होती 'पुअरहाउस', म्हणजे सरकारी निराधारगृह. गाव सोडून भटकणाऱ्या अशक्त माणसाला तेथे पाठवता येई. म्हणजे अपंगासमोर दोन पत्ते होते, यादीचे गाव किंवा निराधारगृहाची भिंत. दोन्ही दुसऱ्याने लिहिलेले.

१०/ या माणसांची संख्या किती होती? १८८१ ते १९३१ या शिरगणत्यांत 'व्यंगे' नोंदवली जात, पण ती चारच : वेड, मूकबधिरत्व, अंधत्व आणि कुष्ठरोग. पांगळेपणाचा रकानाच नव्हता. अंतराच्या परीक्षेत जो सर्वांत आधी नापास व्हायचा, त्याची नोंदच नाही. पुढे हे रकानेही गेले. १९८१ मध्ये अपंगांची पुन्हा मोजणी झाली, १९९१ मध्ये ती वगळली, २००१ पासून परत सुरू झाली.

११/ आता शब्दांकडे. सोलापूरची 'जुनी मिल' १८७७ साली, म्हणजे ऐन दुष्काळात सुरू झाली. अन्नाच्या शोधात गिरणीच्या दारात आलेल्या माणसाला इतिहास 'कामगार' म्हणतो, त्याच्या येण्याला 'स्थलांतर' म्हणतो आणि त्याच्या वस्तीला 'शहराची वाढ' म्हणतो.

१२/ त्याच जिल्ह्यात पंढरपूर आहे. तेथे वारकरी येतात, दानधर्म होतो, पंगती उठतात. अंध माणूस पंढरपुरात येऊन राहिला तर त्याचे कारण विणकराइतकेच विवेकी असते : जेथे अन्न मिळते तेथे राहावे. तरीही त्याच्या येण्याला कोणी स्थलांतर म्हणत नाही. तो 'भिकारी' ठरतो आणि त्याची वस्ती 'उपद्रव'. हेतू एकच, कृती एकच. नाव मात्र शरीर पाहून दिले जाते.

१३/ हा भेद केवळ भाषेपुरता राहिला नाही. १९५९ साली मुंबई राज्याने भीक प्रतिबंधक कायदा केला. अंध, पांगळ्या किंवा कायमच्या असहाय ठरलेल्या व्यक्तीला संस्थेत बेमुदत ठेवण्याचा अधिकार त्यात सरकारला दिला गेला. अन्नाजवळ राहण्याची निवड केली म्हणून कोंडले जाणे, असा त्याचा सरळ अर्थ. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हाच कायदा दिल्लीपुरता मुख्यत्वे घटनाबाह्य ठरवला. ज्या राज्यात तो जन्मला तेथे त्यावर अजून पुरेशी चर्चाही नाही.

१४/ १९७२ चा दुष्काळ. खडी फोडण्याची कामे, पाझर तलाव, सुकडी, परदेशी मिलो. त्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. तो १९७९ मध्ये अमलात आला. राज्याला त्याचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. तरी पाया जुनाच राहिला : अन्नाचा हक्क श्रमातून. २००५ च्या केंद्रीय कायद्याने काम पाच किलोमीटरच्या आत देण्याचे, अन्यथा दहा टक्के जादा मजुरी देण्याचे बंधन घातले. राबणाऱ्याच्या पायपिटीची किंमत कायद्याने मोजली. खाणाऱ्याच्या पायपिटीची कोणी मोजायची?

१५/ आजचे चित्र. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. २०१९ पासून शिधापत्रिका दुसऱ्या ठिकाणीही चालू लागली. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबासाठी ही मोठी सोय. पण ऊसतोडीत जोडप्याची गणना 'कोयता' म्हणून होते. ज्याच्या हातात कोयता नाही तो मागे गावात राहतो. कार्ड राज्यभर फिरते, तो रेशन दुकानाच्या पायरीपर्यंत पोचत नाही.

१६/ पॉस मशीनवर अंगठा उमटत नसेल तर पर्याय आहेत, दुकानात जाता येत नसेल तर प्रतिनिधी नेमता येतो, असे उत्तर मिळते. उत्तर खरे आहे आणि अपुरे आहे. प्रतिनिधीवर पोट अवलंबून असले की प्रतिनिधी जेथे राहतो तेथेच राहावे लागते. त्याच्याशी पटले नाही, त्याने मारहाण केली, तरीही. १८८३ च्या यादीची जागा एका माणसाने घेतली, बांधलेपण तसेच राहिले.

१७/ "अपंगाने नातेवाइकांत, आपल्या गावातच राहावे, तेच त्याच्या हिताचे," असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ज्याला राहायचे आहे त्याने जरूर राहावे. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ५ स्पष्ट आहे : समाजात राहण्याचा हक्क आहे आणि विशिष्ट व्यवस्थेतच राहण्याची सक्ती करता येत नाही. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचा अनुच्छेद १९ तर निवासस्थान निवडण्याचाच हक्क देतो. ताटात काय पडेल याची शाश्वती नसेल, तर हा हक्क कागदावरचा.

१८/ "घरपोच धान्य परवडत नाही," हा दुसरा आक्षेप. अत्यंत कंजूष वसाहती सरकारने, लाखो माणसे गमावल्यानंतर का होईना, अशक्ताच्या गावात मदत नेण्याचे तत्त्व संहितेत लिहिले. लोकनियुक्त शासनाला त्यापुढची काही शे पावले, दुकानापासून दारापर्यंतची, जड का व्हावीत? आणि ती सोय गावाला नव्हे तर व्यक्तीला जोडलेली हवी. ती सोलापुरात राहो, पंढरपुरात की पुण्यात, धान्य तिच्या मागे गेले पाहिजे.

१९/ सोलापूरचा इतिहास लिहिणाऱ्यांकडूनही एक अपेक्षा. "माणसे आली" असे लिहिताना कोणती माणसे येऊ शकली नाहीत हे पुढच्याच ओळीत लिहावे. मागे राहिलेल्यांच्या खुणा दप्तरात आहेत : गावच्या मदत याद्यांत, निराधारगृहांच्या नोंदींत, भीक प्रतिबंधाच्या खटल्यांत. त्या वाचल्या जात नाहीत, कारण शहराचा इतिहास म्हणजे शहरात पोचलेल्यांचा इतिहास असे गृहीत धरले आहे. दीडशे वर्षांपूर्वी अंतराची परीक्षा सरकारने घेतली होती. इतिहासकाराने तीच परीक्षा पुन्हा घेऊ नये. (समाप्त)