शेतकऱ्याची बंदूक व शेतकऱ्याची वाचा

रानडुकरें व वानरें यांनीं कोंकणांतील शेतकरी बंधूंची दैना केली आहे. चार महिने राबून पिकविलेलें भात एका रात्रींत भुईसपाट होतें. अशांत निवडणूक जाहीर झाली कीं परवान्याच्या बंदुका ठाण्यांत जमा करण्याचे हुकूम सुटतात. २०२४ सालीं विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरांत, ऐन भातकापणीच्या दिवसांत जाहीर झाली. आमचा कुणबी हुकूम ऐकून मुकाट्यानें ठाण्याची वाट धरतो. नवा परवाना मागणारा कचेरीच्या पायऱ्या झिजवितो व शेवटीं दलालाच्या हातावर पैसे ठेवतो. आम्ही विचारतों, कायदा काय म्हणतो हें कोणी पाहिलें आहे काय?

१८७८ चा हत्यारांचा कायदा परक्या सरकारनें रयतेवर लादला होता. आजचा कायदा १९५९ चा आहे. खऱ्या पीकरक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना द्यावा, असें त्याचें १३ वें कलम सांगतें. १४ वें कलम गरिबानें पाठच करावें: पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येत नाहीं, व नाकारल्यास कारणें लेखी नोंदलीं पाहिजेत. त्यावर १८ व्या कलमानें अपील करतां येतें. निवडणुकीपुरतें म्हणाल, तर मुंबई हायकोर्टाच्या निकालास अनुसरून निवडणूक आयोगानें २००९ सालीं समितीकडून परवानेदारांची छाननी करण्यास सांगितलें. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले व दंग्यांत सांपडलेले यांच्याकडे विशेष पाहावयाचें. निरुपद्रवी शेतकरी त्यांत बसतो काय?

तेव्हां बंधूंनो, एकेकट्यानें गाऱ्हाणें गाऊं नका. ग्रामसभेंत ठराव करा, नुकसानीचे पंचनामे जोडा, अर्जाची पोंच घ्या, नकाराचीं कारणें लेखी मागा व तीं वर्तमानपत्रांत छापवा. मात्र सभेला जातांना बंदूक घरींच कुलुपांत ठेवा. हत्यार दाखवून मागितलेला हक्क धमकीसारखा दिसतो. गांवांत ज्यांना बंदुकीचें भय वाटतें त्यांचें भय खोटें नाहीं. त्यांनाहि सभेला बोलवा व त्यांचें ऐका. लग्नांत बेफामपणें बार काढणाऱ्याची बाजू घेऊं नका. २०१९ च्या दुरुस्तीनें त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकराला मारण्यास वनखात्याची परवानगी लागते, हेंहि विसरूं नका.

रडल्याशिवाय आईदेखील पाजीत नाहीं, मग सरकार कोठून देणार? पण बोलणाऱ्याचे हात स्वच्छ पाहिजेत व कागद पुरे पाहिजेत.