खोटे कातडे आणि पिठाचा कोंबडा



आपल्या समाजाला वेषधारणेचे वावडे कधीच नव्हते. पंचकल्याणक महोत्सवात सौधर्म इंद्र आणि इंद्राणी होण्यासाठी बोली लागते, जरीचे पोशाख शिवले जातात, मुकुट चढतात आणि त्या दिवसाचे छायाचित्र पुढे वर्षानुवर्षे दिवाणखान्यात झळकते. पर्युषणात बालके तीर्थंकरमातेच्या स्वप्नांचे नाट्य सादर करतात (श्वेतांबर परंपरेत चौदा, दिगंबर परंपरेत सोळा, संख्येवरून वाद नको). त्यामुळे माझ्या पुतणीने ‘कॉस्प्ले’ करण्याचा मनोदय घरात सांगितला, तेव्हा प्रश्न वेषाचा नव्हताच. प्रश्न होता पात्राचा. तिने निवडली होती शिकारीण.

कॉस्प्ले म्हणजे चित्रकथेतील, चित्रपटातील अथवा व्हिडिओ गेममधील पात्राचा वेष स्वतः घडवून धारण करणे. हा शब्द 1980 च्या दशकात जपानमध्ये रूढ झाला. प्रथा मात्र त्याहून जुनी. 1939 साली न्यूयॉर्क येथील विज्ञानकथा संमेलनास मर्टल डग्लस ही तरुणी भविष्यकाळातील वाटावा असा, स्वतः शिवलेला पोशाख घालून गेली होती. आपल्याकडे मुंबई कॉमिक कॉनमुळे हा छंद फोफावला. कित्येक वर्षे हे संमेलन गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये भरत असे, म्हणजे मालाडकरांस एकाच स्थानकाचे अंतर. पुढे ते वांद्रे-कुर्ला संकुलातही भरले.

पुतणीचे पात्र होते ॲलॉय. ‘होरायझन झीरो डॉन’ हा गेम नेदरलँड्समधील गुरिला गेम्स या कंपनीने 2017 मध्ये प्रसिद्ध केला. मानवी संस्कृती लयास गेल्यावर यंत्रपशूंनी व्यापलेल्या जगात, तांबड्या केसांची ही धनुर्धारिणी आपल्या जन्माचे रहस्य शोधत फिरते. तिच्या टोळीचा वेष कातडे, केसाळ लोकर, मणी आणि मारलेल्या यंत्रांचे पत्रे यांचा. वेष घडविणाऱ्यांच्या सोयीसाठी कंपनीने सविस्तर मार्गदर्शिकाच उपलब्ध करून दिली आहे. ती चाळून माझ्या बंधूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, “हे आपल्या घरात?”

मग सामानाची यादी झाली. कातड्याच्या जागी रेग्झिन. लोकरीच्या जागी ॲक्रिलिकची कृत्रिम फर. यंत्राचे पत्रे फोमचे. चटयांसाठी वापरतात तोच ईव्हीए फोम दोन, पाच व दहा मिलिमीटर जाडीत मिळतो. तो कापून हीटगनने तापवला की पृष्ठभागाची छिद्रे मिटतात आणि हवा तसा बाक देता येतो. त्यावर पाणी मिसळलेल्या फेविकॉलचे चार-पाच हात, मग चंदेरी रंग, शेवटी काळा पातळ रंग लावून लगेच फडक्याने पुसायचा. खाचांत काळे राहते आणि पत्रा जुना, झिजलेला वाटतो. भाला पीव्हीसी नळीचा, तोही दोन तुकड्यांत, कारण सहा फुटांची वस्तू घेऊन लोकलमध्ये शिरणे म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांशी खेळ. संमेलनात खऱ्या शस्त्रास मज्जाव असतो व प्रवेशद्वारी तपासणी होते, हे बंधूंना सांगितल्यावर ते किंचित सैलावले.

खरी सावधगिरी लागली ती रंगभूषेत, आणि वाचक भगिनींनी हे अवश्य टिपून ठेवावे. लिपस्टिकच्या वेष्टनावर ‘सीआय 75470’ हा क्रमांक दिसला तर तो लाल रंग कार्माइन होय. तो कोचिनील नावाचे किडे वाळवून, कुटून काढतात. ओठांच्या मलमात मधमाश्यांचे मेण असते. चकाकीच्या लेपात लाख असू शकते, आणि लाख ही किड्यांचीच. ब्रशचे केस शेळीचे की नायलॉनचे, हे विचारल्याशिवाय दुकानदार सांगत नाही. जी मुलगी कंदमुळे टाळते, तिच्या पर्समध्ये हे सारे वर्षानुवर्षे असू शकते. या एका वेषाच्या निमित्ताने आमच्या घरातील तीन डबे रिकामे झाले.

परंतु बंधूंचा आक्षेप सामानापुरता नव्हता. त्यांनी यशोधर राजाची कथा काढली. सोमदेवसूरींनी 959 साली पूर्ण केलेल्या यशस्तिलकामुळे ती आपणांस परिचित आहे. राजाने जिवंत प्राण्याचा बळी नाकारला, पण मातेच्या आग्रहाखातर देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला. आणि तेवढ्या संकल्पाने मायलेक जन्मोजन्मी तिर्यंच योनीत भटकले. “मग खोटे कातडे म्हणजे पिठाचा कोंबडाच नाही का?” बंधूंनी विचारले.

प्रश्न वजनदार होता. पुतणी म्हणाली, “काका, राजाने पीठ घेतले ते मारण्याची कृती करण्यासाठी. मी रेग्झिन घेते ते मारणे टळावे म्हणून.” भावहिंसेचा विचार करता तिचे म्हणणे मला पटते. तथापि मी तिला मुद्दाम विचारले, ही ॲलॉय केवळ यंत्रेच मारते काय? ती प्रामाणिकपणे म्हणाली, नाही; बाणांची पिशवी मोठी करायची तर रानडुकरे आणि कोल्हेही मारावे लागतात. म्हणजे बंधूंचा आक्षेप पूर्णतः निकालात निघाला नाही. अखेर दोघांत असे ठरले की वेष व्हावा, पण ताणलेल्या बाणाचे छायाचित्र नको. ॲलॉयच्या कानाशी एक त्रिकोणी उपकरण असते, त्याच्या साहाय्याने ती लुप्त जगाचे अवशेष वाचते. हात त्या उपकरणाशी, धनुष्य खाली, नजर दूर, अशी मुद्रा निश्चित झाली. माझ्या मते पात्राचा स्वभाव त्यातच अधिक उतरला.

छायाचित्रण एरंगळच्या किनाऱ्यावर सकाळी लवकर झाले. आपला समुद्र पश्चिमेस. म्हणून सकाळी समुद्राकडे पाठ केली की कोवळा प्रकाश सरळ चेहऱ्यावर येतो, आणि सायंकाळी तोच मागून येऊन फरच्या कडा व तांबडे केस पेटल्यासारखे दिसतात. दुसरी तऱ्हा हवी असल्यास समोर थर्माकोलचा पांढरा तुकडा धरावा, म्हणजे चेहरा काळवंडत नाही. बाजूने येणारा प्रकाश फोमला धातूचा भास देतो. समोरचा फ्लॅश मात्र सांधे उघडे पाडतो. मोबाइलमधील पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय विगच्या सुट्या बटांवर फसते, म्हणून मैत्रिणीचा कॅमेरा आणला होता. अक्सा मुद्दाम टाळले. तेथील पाण्याची ओढ मालाडकरांस सांगायला नको, आणि अंगावर एवढे सामान असता तर नकोच.

किनाऱ्यावर दोन अनोळखी तरुण न विचारता मोबाइल काढून उभे राहिले. पुतणीने हात पुढे करून थांबविले आणि आधी परवानगी मागायला लावली. वेष धारण केला म्हणजे संमती दिली असे नव्हे, हा नियम कॉमिक कॉनसारख्या संमेलनांत फलकावर लिहिलेला असतो. घरीही आम्ही काही अटी घातल्या: इमारतीचे नाव, महाविद्यालयाचे ओळखपत्र चौकटीत येऊ नये, स्थळाची नोंद काढून टाकावी, कोणते चित्र बाहेर जाईल ते तिने ठरवावे, छायाचित्रकाराने नव्हे. स्थळ पाहताना लोक काय म्हणतील, हीही शंका निघाली. इंद्राणीच्या छायाचित्रामुळे कोणाचे लग्न मोडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

खर्चाचे खाते मी ठेवावयास लावले होते. सर्वांत मोठी रक्कम विगची, सर्वांत लहान फोमची. वेष आता माळ्यावर आहे; उन्हात उभ्या गाडीत ठेवल्यास डिंक सुटतो, एवढे ध्यानात ठेवावे. पुढील खेपेस तिला ‘राजी’ व्हायचे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये आणलेल्या या गेमवर राजस्थानी वास्तुकलेची छाप आहे आणि त्यातील बहीण असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते. नटराज मार्केटमध्ये कापडाची चौकशी झाली आहे. राजीच्या हाती त्रिशूळ असतो, हे बंधूंना अद्याप कोणी सांगितलेले नाही.