विश्लेषण : समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यात मार्गदर्शन कोणी करायचे आणि ते कसे, हे ठरवणार कोण?

समजा, समाजकार्य पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांसोबत काम करते आहे. तिसऱ्या महिन्यात एक १२ वर्षांची मुलगी तिला बाजूला घेते, शेजारच्या माणसाबद्दल काहीतरी सांगते आणि विचारते, ''ताई, कोणाला सांगणार नाहीस ना?'' विद्यार्थिनी घाईत वचन देऊन मोकळी होते. वर्गात तिने गोपनीयतेचे तत्त्व शिकलेले असते. पण बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे पोक्सो २०१२, वेगळेच सांगतो. अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवणे या कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

त्या संध्याकाळी ती कोणाला फोन करणार? आणि फोन उचलणाऱ्याला काय सांगायचे, हे माहीत असेल का? समाजकार्य शिक्षणातला महत्त्वाचा, पण सहसा चर्चेत न येणारा प्रश्न तो हाच.

क्षेत्रकार्य म्हणजे नेमके काय?

मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे 'टिस', ती हीच. भारतातील व्यावसायिक समाजकार्य शिक्षणाची सुरुवात तिथून मानली जाते. तेव्हापासून या शिक्षणाचे दोन पाय आहेत, वर्ग आणि क्षेत्र. साधारणपणे आठवड्याचे दोन दिवस विद्यार्थी रुग्णालय, शाळा, बालगृह, वस्ती किंवा स्वयंसेवी संस्थेत काम करतात. केलेल्या कामाचा अहवाल लिहितात. त्यावर वैयक्तिक आणि गटचर्चा होते. शेवटी या सगळ्याला गुणही मिळतात.

मार्गदर्शक दोन असतात. एक महाविद्यालयातील प्राध्यापक, दुसरा संस्थेतला कार्यकर्ता किंवा अधिकारी. त्याला सगळे 'एजन्सी सुपरवायझर' म्हणतात. विद्यार्थी रोज काम करतो तो या दुसऱ्याच्या नजरेखाली.

मग अडचण कुठे आहे?

एजन्सी सुपरवायझर निवडला जातो तो बहुधा उपलब्धतेवर. संस्थेत जो अनुभवी, ज्याच्याकडे थोडा वेळ, त्याच्याकडे विद्यार्थी सोपवले जातात. तो उत्तम कार्यकर्ता असू शकतो. पण स्वतः काम करणे आणि ते दुसऱ्याला शिकवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. २० वर्षे वस्तीत काम केलेल्या व्यक्तीला चिडलेल्या बापाशी कसे बोलायचे ते सहज जमते. ते का जमते, हे २२ वर्षांच्या मुलाला टप्प्याटप्प्याने सांगणे मात्र सहज जमत नाही.

सॉफ्टवेअर कंपनीत नव्या अभियंत्याचा कोड आधी वरिष्ठ तपासतो, मगच तो ग्राहकापर्यंत जातो. समाजकार्यात असा आडपडदा नाही. विद्यार्थी पहिल्या दिवसापासून खऱ्या माणसांसमोर उभा असतो. म्हणजे इथे तपासणारा जास्त तयारीचा हवा. प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडते. अहवालावर 'पाहिले' असा शेरा आणि सही पडते. विद्यार्थ्याला गर्दी सांभाळणे, फोटो काढणे, डेटा भरणे ही कामे मिळतात. वर्ष संपते, गुण पडतात आणि शिकायचे ते राहून जाते.

प्रशिक्षणात काय हवे?

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवातीचा करार. विद्यार्थी काय शिकणार, कोणती कामे करणार, कोणती करणार नाही आणि संकटात कोणाला फोन करणार, हे पहिल्याच आठवड्यात लिहून ठरायला हवे. एकटीने गृहभेट कधी टाळायची, हेही त्यात यावे.

दुसरी, अहवाल वाचण्याची पद्धत. 'काय केलेस' याच्यापुढे जाऊन 'त्या क्षणी तुला काय वाटले, दुसरे काय करता आले असते' हे विचारायला शिकावे लागते. आठवड्यातून एक तास अशी शांत चर्चा झाली, तरी वर्षभराच्या कामाचा अर्थ बदलतो.

तिसरी, भावनिक भार ओळखणे. हिंसाचार, मृत्यू, भूक जवळून पाहिलेला विद्यार्थी अचानक गप्प होतो किंवा दांड्या मारू लागतो. त्याला लगेच आळशी ठरवण्याआधी नेमके काय झाले, हे विचारणारा कोणीतरी हवा.

चौथी, कायदा. पोक्सो, बालन्याय कायदा २०१५, मानसिक आरोग्य कायदा २०१७ यांत गोपनीयता कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे सुपरवायझरला पाठ हवे. पाचवी, न्याय्य मूल्यमापन. विद्यार्थी कमी पडत असेल तर ते त्याला दुसऱ्या महिन्यात सांगावे. शेवटच्या दिवशी गुण कापून कोणी शिकत नाही.

इतर देश काय करतात?

इंग्लंडमध्ये अशा मार्गदर्शकांना 'प्रॅक्टिस एज्युकेटर' म्हणतात. त्यांच्यासाठी दोन टप्प्यांची व्यावसायिक मानके आहेत आणि विद्यार्थ्याला शिकवताना त्यांचेही निरीक्षण केले जाते. अमेरिकेत समाजकार्य शिक्षणाला मान्यता देणाऱ्या परिषदेने २००८ मध्ये क्षेत्रकार्याला या शिक्षणाची ओळख ठरवणारी अध्यापनपद्धती मानले. तिथे पदव्युत्तर विद्यार्थ्याला किमान ९०० तास क्षेत्रकार्य करावे लागते आणि मार्गदर्शकांचे प्रशिक्षण ही विद्यापीठाची जबाबदारी असते.

भारतात वकिलांसाठी बार कौन्सिल आहे, डॉक्टरांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे. संपूर्ण समाजकार्य व्यवसायासाठी मात्र अशी वैधानिक परिषद नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात वैद्यकीय आणि मनोरुग्ण समाजकार्यकर्ते आले. वस्ती, शाळा, बालगृहात काम करणारे बाहेरच राहिले. त्यामुळे सुपरवायझर कोण असावा, हे ज्या त्या महाविद्यालयावर सोडलेले आहे.

संस्थांवर ओझे पडेल का?

हा आक्षेप खरा आहे. संस्था विद्यार्थ्यांना घेतात ते सहसा मोबदल्याशिवाय. कार्यकर्त्यांवर आधीच प्रकल्पांची आणि अहवालांची घाई असते. अटी वाढवल्या तर 'विद्यार्थीच नकोत' असे उत्तर येऊ शकते.

म्हणूनच हे प्रशिक्षण छोटे आणि उपयोगी असायला हवे. एका शहरातील दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून जूनमध्ये दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी. नंतर दोन महिन्यांतून एकदा, वाटल्यास ऑनलाइन, सुपरवायझरांनी आपापल्या अडचणी मांडाव्यात. बदल्यात विद्यापीठाने प्रमाणपत्र, ग्रंथालयाचा वापर आणि शक्य तिथे मानधन द्यावे. फुकट मिळालेल्या वेळेची किंमत शून्य धरण्याची सवय इथे तरी सुटायला हवी. प्राध्यापकांनीही या कार्यशाळेत शिकवण्यापुरते न येता शिकायला बसावे. क्षेत्रातले बदल आधी कळतात ते कार्यकर्त्यांनाच.

राष्ट्रीय परिषद होईल तेव्हा होईल. या कार्यशाळेसाठी मात्र कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

अभ्यासिकेतल्या त्या मुलीने ताईवर विश्वास ठेवला. तिच्या लेखी ती प्रशिक्षणार्थी नव्हती. ताई चुकली, तर तिची किंमत गुणपत्रिकेत दिसणार नाही. ती त्या मुलीला मोजावी लागेल.