जेट-स्कीचें हँडल

सायकलीचें हँडल मोडलें तर स्वार उतरून घरीं चालत येतो. पाण्यावर ती सोय नाहीं. अमेरिकेंतील क्लेटन जेकबसन यांच्या कल्पनेवरून कावासाकी कंपनीनें १९७३ च्या सुमारास जी उभ्यानें चालविण्याची 'जेट-स्की' बाजारांत आणली, तींत बैठकच नसते. पुढील टोकाशीं बिजागरीनें जोडलेला दांडा वर-खालीं होतो. त्याच्या टोकाचें हँडल हाच काय तो आधार. लाटेवर आपटतांना धक्का मनगटांवर येतो, आणि पाण्यांत पडलेला स्वार पुन्हां चढतो तोहि हेंच धरून.

म्हणून हँडल घेतांना रंगापेक्षां नळी पाहावी, असें आम्ही सुचवितों. साध्या नळीची जाडी २२ मिलिमीटर असते. तिला बळकटीसाठीं मध्यें आडवा दुवा जोडलेला असावा. दुसरा प्रकार मध्यभागीं सुमारें २८ मिलिमीटर जाड व टोकांकडे निमुळता. त्याला दुव्याची गरज नसते, मात्र पकड त्याच मापाची लागते. हँडलचा मागील झुकाव मनगट सरळ राहील इतकाच असावा. रुंदी खांद्यांच्या बेतानें घ्यावी; फाजील रुंदीनें वळणावर हात ताणले जातात.

खाऱ्या पाण्यांतून आल्यावर तें गोड्या पाण्यानें धुवावें. जुनें दुरुस्त करून वापरण्याची आपल्या घरांतील रीत एरवीं स्तुत्यच. परंतु वांकलेली अॅल्युमिनियमची नळी ठोकून सरळ केली कीं ती आंतून कमकुवत होते, आणि मोडते ती किनाऱ्यापासून दूर. ती टाकून देण्यांतच खरी काटकसर आहे.