लॅपटॉप बदलायचा, पण कशासाठी?

आमच्या बचत गटाचा हिशेब ज्या लॅपटॉपवर होतो, तो २०१६ सालचा. परवा दुरुस्तीला नेला, तर दुकानदार म्हणाला, "ताई, यात एव्हीएक्स-५१२ नाही. आता नवाच घ्या." गटातल्या दोघी माझ्यासोबत होत्या, त्या एकमेकींकडे बघतच राहिल्या. महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकून जमवलेल्या पैशातून चाळीस हजार काढायचे, तेही असल्या नावापायी?

मैत्रिणींनो, हे प्रकरण समजून घ्यायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. प्रोसेसरला काही ठरावीक आज्ञा कळतात. एसएसई, एव्हीएक्स वगैरे या नंतर वाढवलेल्या आज्ञा. साधी बेरीज एकेका आकड्याची होते. एव्हीएक्स-२ मध्ये एका आज्ञेत आठ आकडे एकदम उरकता येतात. म्हणजे एकेक पापड वाळत घालण्याऐवजी आठ एकदम! पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती आज्ञा वापरलेली असेल तरच. आमच्या जमाखर्चाला त्याने काडीचाही फरक पडत नाही.

आणि गंमत ऐका. एव्हीएक्स-५१२ इंटेलने ११व्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये दिलं नि १२व्या पिढीत बंद करून टाकलं. त्यामुळे दुकानातल्या कितीतरी नव्याकोऱ्या लॅपटॉपमध्येही ते नाही. दुकानदाराला हे विचारलं, तर तो चार्जर शोधायला आत गेला!

तरीही त्याचं म्हणणं पुरतं खोटं नव्हतं, कारण मात्र चुकीचं होतं. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण ८व्या पिढीपासूनचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. आमचा ६व्या पिढीचा. गटाचे बँकेचे व्यवहार याच यंत्रावर होतात, तेव्हा हे कारण मला पटतं.

आज्ञांकडे अगदीच काणाडोळा करा, असंही मी म्हणणार नाही. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या सेलेरॉन-पेंटियमच्या अनेक लॅपटॉपमध्ये एव्हीएक्स नसतंच, आणि व्हिडिओ एडिटिंगचे काही प्रोग्राम त्यावर उघडतसुद्धा नाहीत. लेक असं काही शिकत असेल, तर त्या प्रोग्रामला काय लागतं ते आधी बघा, मग दुकानात जा. बाकी घरच्या कामाला आठ जीबी रॅम आणि एसएसडी असली की पुष्कळ झालं.

आमच्या पुढच्या बैठकीत दोन दरपत्रकं येणार आहेत. एक नव्याचं, दुसरं ८व्या पिढीच्या वापरलेल्या लॅपटॉपचं. जुन्यावरच फुकटचं लिनक्स टाकून बघू, असं आमच्या खजिनदार बाईंचा मुलगा म्हणतोय. बाईंना मात्र त्यात मराठी टायपिंग कसं चालतं, ते आधी स्वतः करून बघायचंय.