जेवण चांगलं होतं!

परवा संध्याकाळी शेजारच्या पाड्यावरची अंगणवाडीताई घरी आली. माझीच जुनी विद्यार्थिनी. दोन दिवसांचं प्रशिक्षण आटोपून परतली होती. हातात नवी फाईल, पेन आणि रंगीत प्रमाणपत्र. मी सवयीने विचारलं, "काय गं, काय शिकलीस?"

ती हसली. "सर, जेवण चांगलं होतं."

मीही हसलो. पण रात्री झोप लागेना. कारण प्रशिक्षण होतं कुपोषित मुलं ओळखण्याचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजतात. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित. त्याच्या वर पण १२.५ च्या आत, तर 'मॅम'. पट्टी जराशी सैल धरली की सॅमचं मूल कागदावर मॅम होतं आणि त्याचे उपचार लांबतात. आणि त्या हॉलमध्ये ऐंशी बायकांना पट्टी पडद्यावर दाखवली म्हणे! मुलाच्या दंडाला पट्टी लावून कुणीच पाहिली नाही.

मंडळी, हे जव्हार आहे. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी आमचं नाव देशभर गेलं. इथे अर्धा सेंटिमीटर म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायला नको.

माझा पुतण्या पुण्यात एका कंपनीत 'एचआर'मध्ये आहे. त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, "काका, प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या असतात." कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन माणसाने त्या १९५९ मध्येच मांडल्या. शिकणाऱ्याला आवडलं का? तो शिकला का? कामावर गेल्यावर तसं करू लागला का? आणि त्यातून शेवटी काही फरक पडला का? आमची प्रशिक्षणं पहिल्याच पायरीवर बसकण मारतात. शेवटी अभिप्रायाचा कागद, त्यात सगळे 'उत्तम' लिहितात, आणि जेवणही उत्तमच असतं.

मानव संसाधन विकास! १९८५ पासून २०२० पर्यंत दिल्लीत याच नावाचं आख्खं मंत्रालय होतं. नाव भारदस्त, पण तालुक्याच्या हॉलपर्यंत येईतो त्यातला विकास वाटेत सांडतो. उरतात सह्या.

कुणी म्हणेल, प्रशिक्षक तरी काय करणार? वरून आदेश येतो, मार्चच्या आत पैसे संपवायचे असतात. खरं आहे. मीही एकदा शिक्षकांच्या प्रशिक्षणात साधनव्यक्ती होतो. आदल्या रात्री हातात पडलेल्या टिपणांवरून दोन दिवस बोललो. नंतर एकाही शाळेत जाऊन पाहिलं नाही. टाळ्या मात्र घेतल्या. आज त्याची लाज वाटते. डॉक्टरने न तपासता औषध दिलं तर आपण भांडतो. प्रशिक्षकाला कुणी का विचारत नाही?

आणि हे जमत नाही असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी करून दाखवलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. त्यांनी बाया तयार केल्या त्या मुलांच्या मध्ये बसवून. पडदा नव्हता, पण मूल समोर होतं.

माझ्या मागण्या तीनच. जो शिकवतो त्याने ते काम अशा पाड्यावर स्वतः केलेलं असावं. शिकणारीने काम हाताने करून दाखवल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये. आणि तीन महिन्यांनी प्रशिक्षकाने तिच्या अंगणवाडीत येऊन बसावं. तिच्या चुका तिच्या नव्हे, आपल्या खात्यात लिहाव्यात.

असो. दुसऱ्या दिवशी ताईला पट्टी घेऊन बोलावलं. नातीच्या दंडाला ती तीनदा लावली. तीनदा वेगळे आकडे आले. चौथ्यांदा जुळले.

तुमच्या गावातल्या प्रशिक्षणांचा अनुभव काय? जरूर कळवा. फक्त जेवणाबद्दल लिहू नका.