बदामाचे पान आणि पाण्यातला पाहुणा

मुलांच्या हट्टांची यादी दर दिवाळीला वाढतच असते. रंगीत मासे झाले. आता काचेच्या पेटीत ॲक्झोलॉटल आला आहे. मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला हा जीव, नात्याने बेडकाचा लांबचा भाऊबंद. मानेशी कल्ल्यांचे तुरे आणि तोंडावर कायमचे हसू!

आमच्या सोलापुरात शेजारच्या वहिनींच्या नातवाकडे असा एक आहे. उन्हाळ्यात त्याच्या कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी दिसू लागली. नातवाने अन्नपाणी सोडले. वहिनी विचारायला आल्या, "भावोजी, कडुलिंबाचा पाला टाकू, की हळद?"

म्हटले, "दोन्ही नकोत!" या प्राण्यांची कातडी फार नाजूक. पाण्यात जे घालाल ते तिच्यातून अंगात भिनते. कीड मारणारा कडुलिंब इथे घातकच ठरायचा.

त्यापेक्षा देशी बदामाचे पान बरे. खिरीत घालतो तो बदाम निराळा. हा अंगणात सावली देणारा. झाडावरून आपोआप गळलेले, तांबूस, वाळलेले पान घ्यावे. रस्त्याकडेचे किंवा फवारणी झालेले नको. स्वच्छ धुऊन, स्टीलच्या भांड्यात उकळून, गार करून पाण्यात सोडावे. तांब्याचे पातेले मात्र वापरू नये. तांबे या जिवांना विष आहे. ३०-४० लिटरला एक पान पुरते. कुजू लागले की काढून टाकावे.

पानातल्या टॅनिनमुळे पाणी फिक्या चहासारखे होते, आणि काही जंतू व बुरशी यांच्या वाढीला थोडा आळा बसतो. पण हा काही रामबाण उपाय नव्हे. पाणी जड असेल तर त्याची आम्लताही फारशी बदलत नाही.

खरे दुखणे होते उष्णतेचे. या प्राण्याला १६ ते १८ अंशांचे पाणी मानवते. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो! नातवाने रोज थोडे पाणी बदलले, क्लोरीन काढलेले गार पाणी घातले, बर्फाच्या बंद बाटल्या पेटीत ठेवल्या. हळूहळू कल्ले स्वच्छ झाले. श्रेय वहिनी पानाला देतात. मी नातवाला देतो.

तेव्हा वाचकहो, दिवाळीची भेट म्हणून हा पाहुणा आणण्यापूर्वी वैशाख आठवा. बुरशी हटेना तर प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि कंटाळा आला म्हणून त्याला सिद्धेश्वर तलावात सोडू नका. त्यात ना त्याचे भले, ना तलावाचे.